छापलेला शेवट

आयुष्यात मी एकदाच कादंबरी रचली. सगळी नव्हे, नुसता शेवट. तोही दुसऱ्या कुणाच्या पुस्तकाचा, तोंडी, अर्ध्या तासात. त्या दुपारी त्याबद्दल मला वाहवा मिळाली होती. आज ती दुपार आठवली की मी हातातलं काम टाकून घरात उगाच फेऱ्या मारते आणि नातसून विचारते, आजी, काय हरवलं?

लग्न होऊन मी गिरीजला आले तेव्हा देश स्वतंत्र होऊन चारपाच वर्षं झाली होती. माझे वडील वसई गावात शाळामास्तर. मी सातवीची परीक्षा पास झालेली, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. सासरी वाचता येणारी बाई मी एकटीच. तोंडाने म्हणायची, त्यात काय एवढं, पण मनात खूप काही होतं. घरात कुणाचंही पत्र आलं की हातातली भाकरी तव्यावर टाकून मी ओट्यावर हजर व्हायची.

आमची वाडी केळीची आणि पोफळीची. दिवाळी उलटली की राजेळी केळ्यांची सुकेळी घालायचं काम सुरू व्हायचं ते उन्हाळा सरेपर्यंत. पिकलेली केळी सोलून बांबूच्या तट्ट्यावर उन्हात मांडायची, उलटीपालटी करायची, संध्याकाळी गोळा करायची आणि सकाळी पुन्हा मांडायची. आठवडाभरात ती सुकून गडद झाली की वाळलेल्या केळीच्या पानात गुंडाळून घट्ट बांधायची. हे बांधायचं काम दुपारची जेवणं झाल्यावर ओट्यावर चाले. सासूबाई, थोरल्या जाऊबाई, शेजारच्या दोघीतिघी आणि कामाला येणारी बाई. हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी, त्यामुळे त्या वेळात गावातल्या कुणाची धडगत नसे. माझ्या हातची पुडकी संध्याकाळपर्यंत सुटायची. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, ही बांधते त्यापेक्षा न बांधलेली बरी, हिला आपली वाचायला बसवा. अशी मी वाचणारी झाले.

माझे यजमान वसईच्या कचेरीत कारकून होते. तिथल्या एका वाचनालयातून ते पुस्तकं आणत. एकदा त्यांनी एक जाडजूड कादंबरी आणली. मूळचं मुखपृष्ठ गेलेलं, वर तपकिरी कापडाची बांधणी. आत पहिल्याच पानावर 'ऐतिहासिक रहस्यमय कादंबरी' असं छापलं होतं. आमच्या ओट्यावर त्यातला 'ऐतिहासिक' हा शब्द तेवढा राहिला. म्हणजे हे सगळं घडलेलं आहे, कुठल्याशा राजाच्या दरबारात खरोखर झालेलं आहे आणि कुणीतरी ते शोधून छापलं आहे, अशी सगळ्यांची समजूत झाली. ती मी दूर केली नाही. खरा इतिहास वाचून दाखवणारीला जो मान मिळतो तो गोष्ट वाचणारीला कसा मिळणार?

कथा अशी होती. राजा भरल्या दरबारात विडा तोंडात टाकतो आणि घटकाभरात सिंहासनावरच मरून पडतो. विष कुणी दिलं? धाकटी राणी, जिला आपला मुलगा गादीवर बसवायचा आहे. दिवाण, जो शत्रूला पत्रं लिहितो. राजवैद्य, जो फार गोड बोलतो. आणि विडा करून देणारी दासी, जी लांबच्या मुलखातून आलेली, जिच्या मागेपुढे कुणी नाही. तिला पहिल्याच प्रकरणात तळघरात टाकलेलं असतं. मग प्रकरणामागून प्रकरणं भुयारं, खोट्या मुद्रा आणि पडद्याआडची बोलणी. रोज दोन प्रकरणं वाचायची आणि नेमकं कुणीतरी दार ढकललं की पुस्तक मिटायचं, ही माझी रीत. बायका चडफडायच्या. मला ते फार आवडायचं.

आता त्या कामाच्या बाईबद्दल. ती मूळची खाडीकडची, मिठागरांच्या बाजूची. नवऱ्याने टाकल्यावर आमच्या गावात आली होती आणि वाडीच्या टोकाला एका खोपटात राहायची. आमच्याकडे ती सहासात वर्षं होती, म्हणजे माझ्याही आधीपासून. सासूबाईंना जेवणानंतरचा विडा तिच्याच हातचा लागे. ती सुपारी इतकी बारीक कातरायची की फुंकर मारली तर उडावी. चुना नेमका लावायची. सासूबाई जाऊबाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, हिच्यासारखा विडा या घरात कुणाला जमत नाही. सुनांच्या घरात कामाच्या बाईने एवढा मान मिळवावा, हे आम्हा दोघींनाही फारसं रुचत नसे. पण जाऊबाई निदान तोंडावर बोलायच्या. मी शिकलेली, म्हणून गप्प.

ती ऐकायची मात्र विलक्षण. बाकीच्या 'अगं बाई' आणि 'मेल्याचं वाटोळं होवो' म्हणत ऐकायच्या. ती बोलत नसे, पुडकं बांधता बांधता तिचे हात थांबायचे. एके दिवशी मी वाचता वाचता चुकून एक पान गाळलं, तर म्हणाली, वैनी, मधे काहीतरी राहिलं, दिवाण आत्ता वाड्याबाहेर होता तो आत कसा आला? मी पाहिलं तर खरंच दोन पानं एकमेकांना चिकटली होती.

मग एक दिवस राजवैद्याचं वर्णन आलं. वैद्य फार व्रतस्थ, विडा कधी खात नसे, आणि बोलताना चुन्याने पांढरं झालेलं बोट उपरण्याला पुसत होता. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. ती म्हणाली, "जो विडा खात नाय, त्याच्या बोटाला चुना कशाला?"

शेजारणी एकदम बोलायला लागल्या, सासूबाई हसून म्हणाल्या, हिला त्या दरबारात ठेवायला हवी होती, राजा वाचला असता. दुसऱ्या दिवसापासून बायका प्रकरण संपलं की माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघू लागल्या. तुला काय वाटतं गं? आणि ती हळूच सांगायची, विष विड्यात नाय, चुन्याच्या डबीत होतं, दासीला बिचारीला काय ठाऊक.

मला याचा राग आला. त्या वेळी त्याला राग म्हणायची मला लाज वाटली असती, मी त्याला कंटाळा म्हणाले, डोकेदुखी म्हणाले. पण तो राग होता. वाचते मी, घसा माझा बसतो आणि अक्षरशत्रू बाईला विचारतात पुढे काय होणार? तेव्हा मी एक थाप मारली. म्हणाले, शेवट मी आधीच वाचून ठेवला आहे, मला सगळं ठाऊक आहे, उगाच तर्क लढवू नका, तोंडावर पडाल. खरं म्हणजे मी एक ओळही पुढे वाचली नव्हती.

शेवटच्या दिवशी ओट्यावर नेहमीपेक्षा गर्दी. शेजारणींनी आपल्या जावा आणल्या होत्या. मी सावकाश वाचत होते. नवा राजा, म्हणजे मेलेल्याचा मुलगा, भरल्या दरबारात सगळ्यांना बोलावतो. बेड्या घातलेल्या दासीला आणतात. राजा म्हणतो, आता अपराधी कोण ते मी सांगतो. मी पान उलटलं आणि समोर तपकिरी पुठ्ठा. शेवटची आठदहा पानं नव्हतीच. बांधणी करणाऱ्याकडे येण्याआधीच गळाली असावीत.

एवढंच म्हणायचं होतं, बायांनो, पानं फाटली आहेत. पण मी सगळं वाचलं आहे असं सांगून बसले होते. कुणी म्हटलं असतं, मग तोंडी सांग. आणि तोंडी सांगायचं तर काय सांगायचं? तिने सांगितलेलाच शेवट सगळ्यांना ठाऊक होता. राजवैद्य, चुन्याची डबी. तोच बरोबर असणार हे मलाही आतून कळत होतं. मी तो सांगितला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं, फक्त तिचं म्हणणं खरं ठरलं असतं.

मी पुस्तक डोळ्यांसमोर जरा उंच धरलं आणि बोलू लागले. पुस्तकी भाषा मला चांगली येत होती, मास्तरांची मुलगी. राजा म्हणाला, वैद्य निर्दोष आहे, दिवाण निर्दोष आहे. सुपारीला विष चोळणारी ही दासी आहे. ती परमुलखातली, इथल्या कुणाशी तिचं नातं नाही, जिथे मान मिळाला तिथलाच घात करायला ती आली होती. मग दासीने कबुली दिली. राजा कसा मेला तेही मी तिच्या तोंडून वदवलं. विष खाल्लेला माणूस मी कधी पाहिला नव्हता, पण सुपारी लागलेली माणसं पोफळीच्या वाडीत कुणी पाहिलेली नसतात? तेच वर्णन केलं. कपाळावर घाम, छातीत धडधड, तोंडाला पाणी सुटलेलं, डोळ्यांपुढे अंधार, आणि माणूस भिंतीला टेकून खाली घसरतो. भिंतीच्या जागी सिंहासन घातलं की झालं.

बायकांनी श्वास रोखले होते. मी दासीला हत्तीच्या पायी दिलं आणि पुस्तक मिटलं. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, आज वाचताना आवाज कसा चढला होता म्हणाल्या. ती मात्र तशीच बसून होती.

"असं नसंल, वैनी," ती म्हणाली. "मग त्या बोटाच्या चुन्याचं काय झालं?"

"मी काय मनाने सांगते आहे?" मी फाडकन म्हणाले. "छापलंय तसं वाचलं."

छापलंय म्हटल्यावर विषय संपला. ती पुडकी टोपलीत भरू लागली. शेजारीण हसून सासूबाईंना म्हणाली, सांभाळा हो, तुमचा विडाही परमुलखातलीच करते. सगळ्या हसल्या, सासूबाईही हसल्या. मीही हसले.

चारपाच दिवस गेले. एका दुपारी सासूबाईंनी जेवून विडा खाल्ला आणि थोड्या वेळाने त्यांना दरदरून घाम फुटला. छातीला हात लावून त्या भिंतीला टेकल्या आणि खाली बसल्या. सुपारी लागली होती, दुसरं काही नाही. त्या आठवड्यात नवी, ओलसर सुपारी काढली होती. एरवी असं झालं की घरातलं कुणीही गुळाचा खडा तोंडात घालायचं, वारा घालायचं, अर्ध्या घटकेत माणूस उठून बसायचा आणि दिवसभर त्याची थट्टा व्हायची. त्या दिवशी कुणी गूळ आणायला उठलं नाही. सगळ्या जिच्या हातात अडकित्ता होता तिच्याकडे बघत होत्या. गूळ तिनेच धावत जाऊन आणला, तर जाऊबाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, राहू दे, आम्ही देतो.

सासूबाई थोड्या वेळाने ठीक झाल्या. पण त्या घाबरल्या होत्या. मला म्हणाल्या, तू वाचलं होतंस तस्संच झालं गं, घाम आणि छाती आणि डोळ्यांपुढे अंधार. मी तिथेच उभी होते. ते वर्णन मी कुठून घेतलं होतं ते मला माहीत होतं. एका वाक्याने सगळं संपलं असतं. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं वाक्य होतं, की मी ते मनाने रचलं. ते काही माझ्या तोंडून निघेना.

तिला कुणी काही बोललं नाही. आमच्याकडची माणसं बोलत नाहीत, नुसती वस्तू उचलून घेतात. दुसऱ्या दिवशी विड्याचा डबा सासूबाईंच्या खोलीत गेला. मग पिण्याच्या पाण्याच्या हंड्याला हात लावू नको. मग सुकेळी बांधायला आता माणसं पुष्कळ आहेत. आठवड्याच्या आत तिला यायचं नाही असं सांगितलं, तेही जाऊबाईंनी, दाराबाहेर. गावात बातमी फिरायला वेळ लागत नाही. जिथे ती भांडी घासायची त्या दुसऱ्या घरानेही तिचं काम थांबवलं. एकट्या बाईचं नाव म्हणजे तिचं पोट. ते मी घालवलं, विष न घालता.

जाण्याआधी ती मला भेटायला मागच्या दारी आली. मी धान्य पाखडत होते. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं झालं असतं.

"वैनी, ते पुस्तक अजून घरात हाय?" तिने विचारलं. "मला ती जागा दाखवा. जिथं दासीचं छापलंय ती."

पुस्तक परत जायचं होतं, पण अजून कपाटातच होतं. मी ते घेऊन आले. माझे हात कापत नव्हते, हे मला चांगलं आठवतं, आणि त्याचीच मला आज सगळ्यात जास्त शरम वाटते. मी पुस्तक उघडलं, जिथे 'दासी' हा शब्द दिसला अशी एक ओळ शोधली आणि म्हणाले, ही बघ. तिने पदराला हात पुसले. त्या ओळीवरून एक बोट फिरवलं, सावकाश, ओळ संपेपर्यंत. मग पुस्तकाकडे आणि माझ्याकडे पाहिलं, बरं म्हणाली आणि गेली.

ती भुईगावला भावाकडे गेली असं नंतर कळलं.

मी पुढे ओट्यावर वाचलं नाही. घसा धरतो असं सांगितलं. केळी बांधायला शिकले, आणि चांगली बांधू लागले. तीनेक वर्षांत मला एक मुलगी झाली, सासूबाईंना ऐकायला कमी येऊ लागलं. त्या स्वतःच विडा करायच्या, सुपारी जाड जाड कातरायच्या आणि म्हणायच्या, तिच्यासारखा जमत नाही. हे ऐकताना मी दरवेळी स्वयंपाकघरात जायची.

मग एकदा माहेरी गेले असताना वडिलांच्या एका स्नेह्याच्या घरी तेच पुस्तक दिसलं, अखंड, मुखपृष्ठासकट. मी उभ्याउभ्याच शेवटची पानं काढली. राजवैद्यच होता. विष चुन्याच्या डबीत होतं. नव्या राजाला ते कळलं तेही त्या बोटावरूनच. आणि शेवटच्या पानावर तो राजा सिंहासनावरून खाली उतरतो, दासीच्या बेड्या आपल्या हाताने काढतो आणि भरल्या दरबारात, सगळ्यांच्या देखत, तिला म्हणतो, मला विडा करून दे. ती देते आणि तो खातो. तिथे कादंबरी संपते. मी ते पान तीनदा वाचलं आणि त्या भल्या माणसांच्या घरात सगळ्यांसमोर रडायला लागले. त्यांना वाटलं, फार हळवी आहे.

पुस्तक मागून घेतलं आणि दोन दिवसांनी भुईगावला गेले. तिच्या भावाच्या वाडीत ती मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. केस बरेच पिकले होते. मला बघून तिने पाट सरकवला, पाणी दिलं, मुलीची चौकशी केली. मी उगाच इकडचं तिकडचं बोलत राहिले. शेवटी पुस्तक काढलं आणि म्हणाले, तुझं बरोबर होतं, वैद्यच होता, त्या वेळी मी वाचलं ते पुस्तकात नव्हतं.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

मला वाटलं, कुणीतरी तिला हे पुस्तक वाचून दाखवलं असेल. तसं विचारलं.

"कोन दाखवनार? तुम्ही त्या दिवशी एवढा वेळ वाचलंत आनि एकदाबी पान उलटलं नाय. मी समोरच बसलेली. तेव्हाच वाटलं. पन म्हटलं, आपन अडानी, काय सांगावं, म्हनून जागा बघायला आले. तुम्ही पुस्तकाच्या मधलं पान काढलंत. शेवट मधे असतो काय, वैनी?"

मी म्हणाले, मग तू बोलली का नाहीस?

"पुस्तक तुमच्या हातात होतं," ती म्हणाली. मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "वाटलं, तुम्ही सांगाल. भुईगावला यायच्या आदी पंधरा दिवस खोपटातच होते मी. रोज वाटायचं, आज सांगतील."

मी पुस्तक उघडलं. म्हणाले, खरा शेवट वाचून दाखवते, फार सुंदर आहे, ऐक. तिने नकारार्थी मान हलवली.

"माझ्यापाशी काय वाचता? मला ठाऊक हाय. जिथं बसून वाचलंत तिथंच बसून वाचा."

परतीच्या वाटेवर मी ठरवलं की सगळं सांगायचं. घरी पोचेपर्यंत वाक्यंसुद्धा तयार केली. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर केळी बांधायला सगळ्या जमल्या, सासूबाई, जाऊबाई, त्याच शेजारणी. म्हणाले, आज वाचते. सासूबाईंच्या कानाशी बसले आणि शेवटचं प्रकरण वाचलं, मोठ्याने, पानं उलटत. वैद्याचं बोट, चुन्याची डबी, राजाने मागितलेला विडा. सगळ्या केळी खाली ठेवून ऐकत होत्या.

वाचून झालं. जाऊबाई म्हणाल्या, मग तेव्हा निराळं कसं होतं गं?

सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. सासूबाई कानामागे हात धरून बसल्या होत्या. माझी तयार केलेली वाक्यं जिभेवर होती. आणि मी म्हणाले, "आधीच्या पुस्तकात छापणाऱ्याची चूक झाली होती."

कसं म्हणाले, का म्हणाले, विचारू नका. चाळीसपन्नास वर्षं मी स्वतःला विचारते आहे. सगळ्यांना पटलं मात्र ताबडतोब. मेला छापणारा, शेजारीण म्हणाली, गरीब बाईवर उगाच आळ. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगल्या मनाच्या होत्या त्या, नुसत्या भित्र्या. त्यांनी तिथल्या तिथे भुईगावच्या भाजीच्या गाडीवाल्याला बोलावलं. म्हणाल्या, तिला सांग, पुस्तकात छापणाऱ्याची चूक होती, आता कळली, आमच्या मनात काही नाही, तू ये आणि मला विडा करून दे. तो निघाला तेव्हा मी त्याला थांबवू शकले असते. पुडक्याची गाठ मारत बसले.

दुसऱ्या दिवशी तो आला. आम्ही सगळ्या ओट्यावरच होतो. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाली, येते का?

"नाय म्हनाली," तो म्हणाला. "छापनाऱ्याला माझा नमस्कार सांगा म्हनाली."

सासूबाईंना नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्याने ते पुन्हा, मोठ्याने सांगितलं. त्या नवलाने म्हणाल्या, हिच्या ओळखीचा कोण गं छापणारा? जाऊबाईंनाही काही उलगडेना. मी खाली बघत पुढचं केळं पानात गुंडाळायला घेतलं.